निरीक्षे

शहापूरच्या खडेबाजारात, भांड्यांच्या दुकानावर आमचं ऑफिस.
चार खुर्च्या, एक पडदा, त्यावर आकडे सरकतात.
मालक महिन्यातून दोनदा येतात.
बाकीचे दिवस मी,
आणि पगारात न धरलेलं एक काम:
सकाळी कन्नड पेपर मराठीत वाचून दाखवायचा.

अनुबिंब टेक्नॉलॉजीजचा निकाल गुरुवारी, बाजार मिटल्यावर.
पेपरांना सोमवारपासूनच ताप.
मराठी पेपर म्हणाला, सावध आशा.
टीव्हीवरचा टायवाला म्हणाला, धमाका होणार,
जाहिरातीनंतर म्हणाला,
धमाका दोन्हीकडे होऊ शकतो.

लुमाण्णा मुचंडीकरांचे चाळीस शेअर,
उद्यमबागच्या फाउंड्रीतल्या ग्रॅच्युइटीचे.
ढवळींचे पंधरा,
वडगावचे दोन माग भंगारात गेले, त्या पैशांचे.
रोजालिन बाईंचे किती ते त्या सांगत नाहीत,
फक्त येताना छत्री घट्ट धरतात, ऊन असलं तरी.

मंगळवारी छापून आलं ‘कुसित’.
कोसळणं म्हणता आलं असतं.
मी ‘थोडा उतार’ म्हणालो
आणि पान उलटलं.
माझेही पाच आहेत. कुणाला माहीत नाही.

बुधवारी मी चहा आणायला खाली गेलो,
तेवढ्यात ढवळींच्या पुण्याहून आलेल्या भाच्यानं
तिसरीत गिरवलेली अक्षरं आठवून आठवून जुळवली:
‘लाभ निरीक्षेगिंत कडिमे?’
अक्षरं बरोबर. अर्थ घरचा.
निरीक्षे म्हणजे निरीक्षण, म्हणजे तपासणी,
म्हणजे कंपनीत इन्स्पेक्टर शिरलेत.

किटली घेऊन वर येतो तर तीन फोन चालू.
‘पडूलालंय काय रे?’
पडत नव्हतं.
मी सांगितलं, तपासणी नव्हे हो,
त्यांच्यात निरीक्षे म्हणजे अपेक्षा.
आपण ज्याला बघणं म्हणतो
त्याला ते वाट बघणं म्हणतात.
एवढं सांगून होईपर्यंत
सव्वाअकराला खरंच पडायला लागलं.
तिकडे मुंबईत
कुणी कुठला शब्द कसा वाचला, कोण जाणे.

खाली एक गिऱ्हाईक तांब्या ठोकून बघत होतं, चीर आहे का.
लुमाण्णा म्हणाले,
‘चाळीस वर्षं मी असले बघितलो की.
वाळूच्या साच्याला कान लावतात.
साचा फोडल्याबिगर आतलं कुणाला कळतंय?
वरनं गुळगुळीत, आत बुडबुडा.
नाहीतर वरनं खरबरीत, आणि काम एकदम खणखणीत.’
एवढं बोलून
त्यांनी वीस विकले.

गुरुवारच्या पेपरात: ‘हूडिकेदाररल्लि भीति’.
हूडिकेदार म्हणजे गुंतवणूकदार, मी म्हणालो.
पुढचा शब्द सांगावा लागला नाही.
पण कुणात भीती? रोजालिन बाईंनी विचारलं.
आपल्याला तर कुणी विचारायला आलं नव्हतं.
मग त्यांनी छत्री पायाशी ठेवली, पुन्हा उचलली.
बातमी सकाळी खोटी असेलही.
दुपारपर्यंत आम्ही ती खरी केली.

साडेतीनला आकडे थांबले.
कुणी उठलं नाही.
ढवळी पडद्याकडे बघत राहिले,
बंद मागाकडे बघावं तसे,
कुठला धागा तुटला ते शोधत.
कपिलेश्वर पुलावरची वाहनं ऐकू येत होती.
खालच्या दुकानात पितळ एकात एक बसवून ठेवत होते.

पाच चाळीसला निकाल आला.
एकेचाळीस पानं, सगळं इंग्रजी.
पहिल्या पानावर नुसता पत्ता आणि सह्या.
भाच्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला.
खुर्च्या सरकल्या.
दुसऱ्या पानावर, तक्त्याच्या वर, एक लांब वाक्य होतं,
त्यातला एक शब्द मऊही करता आला असता.

लुमाण्णा जवळ आले, चष्मा न लावता.
‘सावकाश,’ म्हणाले,
‘आणि ह्या वेळी
आहे तसं वाच.’